चष्म्याच्या काचेवर कोणतं कोटिंग घ्यावं? बडोद्याच्या उन्हात राहणाऱ्या नवख्यांसाठी

चष्मा रावपुऱ्यात घ्या की अलकापुरीत, नंबर तपासून झाला आणि फ्रेम पसंत पडली की काउंटरवर एक छापील तक्ता पुढे येतो. हार्ड कोट, एआरसी, ग्रीन, ब्लू कट, डे-नाइट, पोलराइज्ड. प्रत्येक ओळीला किंमत चढत जाते, आणि पहिल्यांदाच चष्मा लागलेला माणूस गोंधळून मधल्या ओळीवर बोट ठेवून मोकळा होतो. मधली ओळ वाईटच असते असं नाही. पण ती ओळ छापणाऱ्याला तुम्ही दिवसभर काय करता हे ठाऊक नसतं. माझं म्हणणं एवढंच की तक्ता वरून खाली वाचू नका. आधी काच कशाची ते ठरवा, मग चमक घालवणारं कोटिंग, मग अतिनील किरणांची खात्री, आणि बाकीचं सगळं तुमच्या गरजेपुरतं. या क्रमाने गेलात तर बरेच पैसे वाचतात, आणि जिथे खर्चायला हवेत तिथे खर्च होतात.

दुकानात जाण्याआधी

तुमचे डोळे दिवसभर कुठल्या उजेडात असतात याचा नीट विचार करा. एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकणारी, दुपारी स्कूटरवरून वर्गांना धावणारी मुलगी. ट्यूबलाइटखाली आठ तास कॉम्प्युटरवर हिशेब करणारे काका. रात्री एक्सप्रेस वेवरून अहमदाबादहून परतणारा दादा. देवघरासमोर पोथी वाचणाऱ्या आजी. या चौघांना एकच काच विकली गेली तर निदान तिघांचे पैसे वाया गेले असं समजा.

नंबरचा कागद जवळ ठेवा. त्यावर पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर दुकानात मोजून घ्या. पीडी चुकलं तर कितीही महागडं कोटिंग असलं तरी डोकं दुखायचं ते दुखतंच.

पहिली पायरी: काच कशाची

दुकानात सगळे अजून काचच म्हणतात, पण आज बहुतेक चष्म्यांत प्लास्टिक असतं, ज्याला जुने लोक ‘फायबर’ म्हणतात. खरी काच ओरखडे कमी घेते, पण जड असते आणि फुटली तर डोळ्याला धोका. नव्याने चष्मा घेणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

साधं प्लास्टिक म्हणजे सीआर-39. त्याचा इंडेक्स सुमारे 1.50. इंडेक्स जितका जास्त तितका प्रकाश जास्त वळतो आणि तीच पॉवर पातळ काचेत बसते. म्हणून तक्त्यात पुढे 1.56, 1.60, 1.67, 1.74 असे आकडे दिसतात. नंबर दोनच्या आत असेल तर 1.50 किंवा 1.56 उत्तम, त्याहून पातळ घेऊन काहीही हाती लागत नाही. दोन ते चारमध्ये 1.60 चा विचार करा. चारच्या पुढे 1.67, आणि आठच्या आसपास किंवा वर गेल्यावरच 1.74. विक्रेत्यांना 1.67 सगळ्यांनाच सुचवायला आवडतं.

पातळ काचेची एक किंमत असते आणि ती बिलात दिसत नाही. इंडेक्स वाढला की बहुधा काचेची रंग न फाटू देण्याची क्षमता कमी होते. ती ॲबे नंबरने मोजतात: सीआर-39 चा सुमारे 58, तर 1.67 चा 32 च्या जवळपास. कडेने बघताना पांढऱ्या अक्षरांना निळी-पिवळी किनार दिसली तर कारण हेच. शिवाय इंडेक्स वाढला की काच चमकतेही जास्त. त्याचं गणित पुढच्या पायरीत आहे.

आणि हो, मायनस नंबरवाल्यांनो, काच कडेला जाड होते ती फ्रेम मोठी घेतल्याने. लहान, गोलसर फ्रेम निवडलीत तर इंडेक्सची एक पायरी फुकटात वाचते.

मुलांना, खेळणाऱ्यांना, कारखान्यात यंत्रांजवळ उभं राहणाऱ्यांना आणि एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्यांना मात्र पॉलिकार्बोनेट. त्याचा इंडेक्स 1.59, आघात सोसण्यात सीआर-39 पेक्षा कितीतरी पुढे, आणि अतिनील किरण ते मुळातच अडवतं. ते मऊ असल्यामुळे हार्ड कोटशिवाय घ्यायचंच नाही. रिमलेस फ्रेमला भोकं पाडावी लागतात, तिथेही सीआर-39 नको, कडेला तडकतं. यंत्रांसमोरच्या प्रत्यक्ष कामासाठी मात्र चष्म्याचं दुकान पुरं पडत नाही; कारखान्याचे नियम सांगतात तो सुरक्षा-चष्मा वेगळाच असतो.

दुसरी पायरी: चमक घालवणं

एकाच कोटिंगवर पैसे घालायचे असतील तर ते एआरसीवर घाला, म्हणजे अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगवर. प्रकाश काचेत शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा थोडा परत उसळतो. 1.50 च्या काचेत प्रत्येक पृष्ठभागावरून 4 टक्के, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे 8 टक्के उजेड वाया जातो. 1.67 मध्ये हाच आकडा 12 च्या वर, 1.74 मध्ये 14 च्या जवळ. म्हणून पातळ काच एआरसीशिवाय विकत घेणं म्हणजे अर्धंच काम करून घेणं.

वाया जाणारा उजेड ही त्यातली लहान तक्रार. खरा त्रास होतो त्याच उजेडाच्या सावल्यांचा. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा काचेच्या आतल्या बाजूवर आदळून एका दिव्याचे दोन दिवे दिसतात. पाठीमागचा उजेड काचेवरून उसळून डोळ्यात जातो. व्हिडिओ कॉलवर समोरच्याला तुमचे डोळे न दिसता खिडकीच दिसते. एआरसी हे कमी करतं. मात्र समोरच्या गाडीचे एलईडी दिवे मुळातच प्रखर असतील तर तो प्रखरपणा एआरसीने जात नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर मान डोलवा आणि पुढे चला.

हे चालतं कसं ते थोडक्यात. निर्वात पेटीत काचेवर अत्यंत पातळ थर चढवले जातात, सगळे मिळून एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) कमी. थराच्या वरून उसळलेली लाट आणि खालून उसळलेली लाट एकमेकींच्या उलट पडतात आणि एकमेकींना मारतात. 1935 मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी कॅमेऱ्यांच्या आणि दुर्बिणींच्या भिंगांसाठी ही युक्ती पक्की केली; चष्म्यांत ती नंतर आली. एक थर एकाच रंगाला नीट मारू शकतो, म्हणून थर अनेक लागतात, आणि तरीही एखादा रंग थोडा शिल्लक राहतो. काच तिरकी धरल्यावर दिसणारी हिरवी किंवा जांभळी झाक ती हीच. ‘ग्रीन कोटिंगच द्या, ते चांगलं असतं’ म्हणणारी गिऱ्हाइकं पुष्कळ. हिरवी झाक म्हणजे उरलेली चमक, दर्जाचा शिक्का नव्हे. चांगल्या एआरसीत ती झाक फिकट असते, आणि दोन्ही काचांवर सारखी.

आता हार्ड कोट. मऊ प्लास्टिकवर एआरसी थेट चढवलं तर ते तडकतं, म्हणून खाली काही मायक्रॉनचा टणक थर आधी द्यावा लागतो. चांगल्या एआरसीत तो धरलेलाच असतो. बिलात त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर विचारा. ‘स्क्रॅच-प्रूफ’ शब्दावर जाऊ नका. कुठलंही कोटिंग प्लास्टिकवरच्या ओरखड्यांना उशीर करतं, टाळत नाही.

सगळ्यात वरचा थर पाणी आणि तेल झटकणारा. दुकानात नमुन्याच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायला सांगा. थेंब गोळी होऊन घरंगळला तर थर आहे, पसरून बसला तर नाही किंवा झिजलेला आहे. गरब्याच्या नऊ रात्रींत ज्याच्या चष्म्यावर घाम ठिबकतो त्याला या थराचं मोल कळतं, कारण घाम सुकला की मिठाचे डाग राहतात आणि साध्या एआरसीवर ते चिकटून बसतात.

तिसरी पायरी: अतिनील किरण

इथे फार बोलायचं नाही. बिलावर ‘यूव्ही 400’ असावं. म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे (हे प्रकाशाच्या लाटेची लांबी मोजायचं माप) अतिनील किरण काच अडवते. पॉलिकार्बोनेट आणि जास्त इंडेक्सच्या बऱ्याच काचा हे स्वतःच करतात, साधं सीआर-39 पूर्ण करत नाही. बऱ्याच दुकानांत यूव्ही मोजायचं छोटं यंत्र असतं, त्यावर काच ठेवून दाखवायला सांगा. तुमचा जुना चष्माही तपासून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

ब्लू कट: इथे हात आखडता घ्या

निळा प्रकाश अडवणारी म्हणून ब्लू कट काच विकताना काउंटरवर एक छोटा खेळ चालतो. विक्रेता जांभळट लेझरचा पेन काढतो, एका कार्डावर मारतो, मध्ये ब्लू कट काच धरतो आणि ठिपका गायब. गिऱ्हाईक थक्क. पेनचा तो प्रकाश साधारण 405 नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनीलच्या उंबरठ्यावरचा जांभळा. मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या पडद्यातला निळा प्रकाश सर्वांत जास्त असतो तो 450 च्या आसपास, आणि त्यातला बहुतेक भाग अशा काचेतून बिनबोभाट पलीकडे जातो. तो पूर्ण अडवायचा तर काच स्पष्ट पिवळी करावी लागेल, आणि तसला चष्मा घालून कुणी ऑफिसात जाणार नाही.

2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने या विषयावरचे 17 प्रयोग एकत्र तपासले. निष्कर्ष असा की पडद्यासमोर काम करताना डोळ्यांना येणारा ताण, साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कटने थोड्या काळात बहुधा कमी होत नाही. पडद्यापेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश बाहेरच्या आकाशातून डोळ्यात येतो हेही ध्यानात असू द्या. पडद्यासमोर डोळे कोरडे पडतात, जळजळतात, कारण आपण पापण्या मिटवायचं विसरतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांवरच्या कशाकडे तरी बघा. ऑफिसात एसीचा झोत तोंडावर येत असेल तर खुर्ची हलवा. दोन्ही फुकट.

ब्लू कट घेतल्याने अपाय होत नाही. काही कंपन्यांत चांगलं एआरसी ब्लू कटसकटच मिळतं. तसं असेल तर घ्या, पण त्याच्यासाठी वेगळा पैसा मोजू नका. पांढऱ्या भिंतीसमोर धरली की काच किंचित पिवळसर दिसते. कपड्यांच्या, रंगाच्या, छपाईच्या धंद्यात असलेल्यांनी ते आधी बघून घ्यावं.

डे-नाइट काच कुणी घ्यावी

उन्हात काळी आणि घरात पांढरी होणारी काच. जुने दुकानदार अजून तिला फोटोग्रे म्हणतात. सतत आत-बाहेर करणाऱ्याला, दोन चष्मे सांभाळायचा कंटाळा असलेल्याला ती सोयीची. पण तिच्या काही खोडी बडोद्यात विशेष जाणवतात.

ती काळी होते अतिनील किरणांनी, नुसत्या उजेडाने नाही. गाडीच्या पुढच्या काचेत अतिनील अडतं, म्हणून गाडी चालवताना, नेमकी गरज असते तेव्हा, ती बरीचशी पांढरीच राहते. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची व्हायझर खाली ओढली की स्कूटरवरही तेच. दुसरी गोष्ट उष्णतेची. काचेतले रेणू ऊन लागल्यावर रूप बदलतात आणि उष्णता त्यांना परत पांढरं करते. त्यामुळे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना ती हवी तेवढी गडद होतच नाही, आणि जानेवारीच्या सकाळी मात्र छान काळी होते नि घरात आल्यावर पांढरी व्हायला वेळ घेते. म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलटं. काही वर्षांनी तिचा उत्साहही मंदावतो. ज्याचं बरंचसं काम घरातच, आणि बाहेर जाणं भाजीपुरतं, त्या आजी-आजोबांना ती चांगली. दिवसभर स्कूटरवर असणाऱ्याने वेगळा गॉगलच घ्यावा.

गॉगल: बडोद्यात याची परीक्षा उत्तरायणाला

वर्षभर जो कुणी गॉगलला शौक म्हणून हसतो, तो 14 जानेवारीला, उत्तरायणाचे पतंग उडवायला गच्चीवर चढल्यावर, शेजाऱ्याचा गॉगल मागतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वर, नजर आकाशात, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे पुन्हा तेच. त्यामुळे गॉगल निवडायचं शिक्षण इथूनच घेऊ.

गडदपणा आणि अतिनील संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वांत आधी. रस्त्याकडेला ढिगाने मिळणारा काळाकुट्ट गॉगल अतिनील अडवत नसेल तर तो न घालण्यापेक्षा वाईट: काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि तेच किरण जास्त आत जातात. यंत्रावर तपासल्याशिवाय घेऊ नका.

गडदपणा 0 ते 4 अशा वर्गांत मोजतात. चांगल्या गॉगलच्या दांडीवर किंवा चिठ्ठीवर तो आकडा असतो. वर्ग 2 मधून 18 ते 43 टक्के प्रकाश आत येतो, वर्ग 3 मधून 8 ते 18, वर्ग 4 मधून फक्त 3 ते 8. आपल्या उन्हाला वर्ग 3 पुरेसा. वर्ग 4 बर्फाच्या डोंगरांसाठी. तो घालून गाडी चालवायचीच नाही. रंगात करडा सगळे रंग जसेच्या तसे ठेवतो. तपकिरी निळ्याला दाबतो, म्हणून निळ्या आकाशावर रंगीत पतंग जरा उठून दिसतो. निळे-लाल फॅशनचे टिंट सिग्नलचे रंग बिघडवतात.

आता पोलराइज्ड. रस्ता, पाणी, गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून उसळलेला प्रकाश बहुतांशी आडव्या दिशेने कंप पावतो, आणि ही काच फक्त उभा कंप आत सोडते. दुपारच्या हायवेवर तिच्यासारखं सुख नाही. खरी आहे का हे ओळखायला मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यासमोर गॉगल धरून हळूहळू पाव फेरी फिरवा. कुठेतरी पडदा काळा पडला पाहिजे. हाच तिचा तोटाही: गाडीतले आणि पेट्रोल पंपावरचे काही पडदे वाचता येत नाहीत, आणि हेल्मेटच्या व्हायझरमधून बघितलं तर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. शिवाय ओल्या रस्त्यावरची चमक मारली गेली की सांडलेलं तेल-पाणीही ओळखू येत नाही, म्हणून पावसाळ्यात दुचाकीवर ती नको.

पतंगाला ती कितपत उपयोगी? आकाशाचा निळा प्रकाशही थोडा पोलराइज्ड असतो, सर्वांत जास्त सूर्यापासून 90 अंशांवर. संक्रांतीच्या दुपारी बडोद्यात सूर्य दक्षिणेला साधारण 46 अंश वर असतो, तेव्हा गडद होणारा पट्टा उत्तरेच्या आकाशात येतो आणि तिथला पांढरा पतंग झकास उठून दिसतो. पण वारा उत्तरेचा असेल तर तुमचा पतंग जाणार दक्षिणेला, थेट सूर्याच्या बाजूला, आणि तिथे पोलराइज्डचा फायदा नगण्य. म्हणून पतंगासाठी मी पोलराइज्डचा हट्ट धरणार नाही. त्याऐवजी कडेने वळणारी रुंद फ्रेम, वर्ग 3, यूव्ही 400 आणि डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी. काच पॉलिकार्बोनेटची असेल तर गच्चीवरच्या धक्काबुक्कीतही बरी. सूर्याकडे थेट मात्र कुठलाही गॉगल घालून बघायचं नाही, पतंग कापल्यावर उठणाऱ्या ‘लपेट’च्या आरोळीत नजर पतंगामागे जाते आणि विसरायला होतं, मुलांना तर विशेष सांगायला हवं. अंधार पडून तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेले कागदी कंदील, चढू लागले की गॉगल खाली.

गॉगलला एआरसी फक्त आतल्या बाजूने घ्या. पाठीमागून येणारं ऊन तिथूनच डोळ्यात उसळतं. नंबर असेल तर सीआर-39 वर टिंट करून नंबरचा गॉगल स्वस्तात होतो. वर्षातून दोनच दिवस लागणार असेल तर फ्रेमवर अडकवायचं क्लिप-ऑन पुरे. रात्री गाडी चालवायला म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका. 2019 मध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर झालेल्या चाचणीत पिवळ्या काचांनी रात्री रस्त्यावरचा माणूस दिसायला मदत झाली नाही. पिवळी काच उजेड कमीच करते, आणि रात्री तो आधीच कमी असतो.

चष्मा ताब्यात घेताना आणि नंतर

बिलावर इंडेक्स, कोटिंगचं नाव आणि कंपनी लिहून घ्या. नुसतं ‘एआरसी लेन्स’ चालणार नाही. मग चष्मा ट्यूबलाइटखाली तिरका धरा. काचेत ट्यूबची दोन प्रतिबिंबं दिसतील, एक पुढच्या बाजूचं, एक मागच्या. दोन्ही फिकट आणि रंगीत असतील तर एआरसी दोन्हीकडे आहे. लख्ख पांढरी असतील तर तुम्हाला नुसता हार्ड कोट मिळालाय, भांडा. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला, घेतला असेल तर काचेवर कोरलेली बारीक खूण दुकानदाराकडून बघून घ्या, नाव तिच्यावरून जुळतं.

कोरड्या काचेवर शर्टाचं टोक, ओढणी, पदर फिरवू नका. बडोद्याची धूळ हेच तिथलं सँडपेपर. आधी नळाखाली धुवा, लागला तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मग मऊ मायक्रोफायबर. सॅनिटायझर, अत्तर, नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. आणि उन्हाळ्यात चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत टाकून जाऊ नका. बंद गाडीत डॅशबोर्ड 60 अंशांच्या वर सहज तापतो. प्लास्टिक फुगतं, त्यावरचे थर तेवढे फुगत नाहीत, आणि कोटिंगवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात. ते पुसून जात नाहीत, काचच बदलावी लागते. उष्णतेचे तडे वॉरंटीत धरतात की नाही, कोटिंग सोलवटलं तर किती महिने बदलून मिळेल, हे पैसे देण्याआधीच विचारा आणि काच ज्या पाकिटातून आली ते पाकीट बिलासोबत मागून घ्या.